पिकल्यावर काढू

आमच्या घरात दुखणी दोनच प्रकारची. एक 'वयोमानानं' होणारं आणि दुसरं 'काढलं की झालं'वालं. पहिल्याचं कारण माहीत असतं म्हणून काही करायचं नाही, दुसऱ्याचा इलाज माहीत असतो म्हणून आत्ताच करायचं नाही. या दोन शब्दांनी माझ्या आईचे डोळे खाल्ले, आणि हे मला शांतपणे सांगता येणार नाही.

आई कळंबला भावाकडे, मी जळोचीत. तीन वर्षांपूर्वी ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली. शेजारी ठेवलेला तांब्या लाथाडायची. भाऊ म्हणायचा, "वयोमानानं हुतंय." आणि हीच बाई सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. समोरचं दिसतंय, कडेचं दिसत नाही, एवढं माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं. शिरलं नाही. मीही म्हणाले, सत्तरी ओलांडली की व्हायचंच.

मग बाजारात एका चष्मेवाल्यानं तिच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि सांगितलं, "मोतीबिंदू हाय, कच्चा हाय अजून." झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मोतीबिंदू म्हणजे काय, निघणारी गोष्ट. गावात किती जणींचा निघालाय, दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून दारात बसलेल्या असतात. भाऊ ऊसवाला, कच्चं तोडायचं नाही हे त्याच्या हाडीमाशी. "पिकू दे, मग काढू," म्हणाला. आईलाही पटलं. मी दर आठवड्याला फोनवर विचारायचे, "पिकला का गं?" आढीतल्या आंब्याची चौकशी करावी तशी. शाळेत पोरांना विज्ञान शिकवते मी, आणि आईचा डोळा पिकायची वाट बघत बसले. लाज वाटते.

यंदा ती ओट्यावरून पडली, तेव्हा कुठं तिला बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, बऱ्याच तपासण्या केल्या, आईला बाहेर बसवलं आणि आम्हा दोघांना सांगितलं, "मोतीबिंदू किरकोळ आहे. हा काचबिंदू आहे. कडेची नजर गेलीय, ती परत येत नाही. उरलीय ती थेंबांनी टिकवायची, रोज, न चुकता. आधी का नाही आणलंत?"

भाऊ म्हणाला, "पिकायची वाट बघत हुतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. नुसता मोतीबिंदू असता तरी हल्ली एवढी वाट कुणी बघत नाही, म्हणाल्या.

बाहेर गाडीजवळ मी भावाला नको नको ते बोलले. उसाची तोड कधी आणायची ते बरोबर कळतं, आईचा डोळा कळत नाही का तुला? चष्मेवाल्याला डॉक्टर कुणी केला? तो गाडीच्या चाकाकडे बघत ऐकत राहिला. मग एवढंच म्हणाला, "तू तर मास्तरीण हाईस की."

मी वळले आणि आईला आणायला आत गेले. राग मात्र गेला नाही, अजून गेलेला नाही. फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

आईला सांगायला भाऊ तयार होईना. मी सांगते म्हणाले आणि तिला जळोचीला घेऊन आले. सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यांत थेंब घालते. चुरचुरतं, पण ती हूं की चूं करत नाही. वेळ झाली की स्वतःच खुर्चीत येऊन बसते, मान मागं टाकते आणि शहाण्या मुलीसारखी वाट बघते.

परवा थेंब घातल्यावर डोळे मिटूनच म्हणाली, "औषध जोराचं हाय बघ. ह्यानं लवकर पिकंल न्हवं?"

सांगणार होते. अगदी ओठांवर आलं होतं.

"पिकंल," मी म्हणाले. "मग काढू."