काचेच्या पेटीतली भरती

"पानी जित्तं पायजे, मासा आपोआप जगते." शेषराव गार्ड हे येता-जाता म्हणत. कोणी विचारलं म्हणून नव्हे. बूट घालताना, कंदील पुसताना, भिंतीपलीकडे जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणत.

भिलाई स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरात आमची नि त्यांची भिंत एक होती. मी यार्डात सांधेवाला, ते मालगाडीचे गार्ड, मूळचे वर्ध्याकडचे. तेव्हा पोलादाचा कारखाना वाढत होता. दिवस मावळताना भट्टीतली लोखंडाची तापलेली मळी ओतली की अर्धं आभाळ लाल व्हायचं आणि आमच्या अंगणातल्या धुतलेल्या धोतरांवरही तो रंग चढायचा.

त्यांना एकच मुलगा, शामसुंदर. समुद्रकाठच्या वाल्टेरला लोकोशेडात लागला होता. बासष्टच्या पौषात तो समुद्रात पोहायला उतरला आणि वर आला नाही. शेषराव अकरा दिवस किनाऱ्यावर बसले. समुद्रानं देह दिला नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लोणच्याची चिनी बरणी होती, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. आत खडकातल्या डबक्यातले पाच मासे, बोटभर लांबीचे, निळे, शेपटीशी पिवळे. एका कोळ्यानं दिले होते.

त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई तोवर रडल्या नव्हत्या, जेवल्याही नव्हत्या. त्यांनी फडकं सोडलं, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आला." मग चुलीपाशी बसून त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

त्या दिवसापासून शेषरावांचं एकच काम झालं. मासे जगले तर बाई जेवणार.

मायदेशी परतलेल्या एका रशियन साहेबाची काचेची पेटी त्यांनी मागून आणली आणि खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. पाणी वाल्टेरहून येई. बरण्या गार्डाच्या डब्यातून, एका गार्डाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, पाच ठिकाणी बदलत रायपूरपर्यंत आणि तिथून आमच्याकडे. गार्ड लोक चेष्टा करत. एकदा दौलतराव बरणी उतरवताना म्हणाले, "काय गा शेषराव, समुद्राचं लोणचं घालून राहिला का?" पण बरणी कोणी कधी सांडली नाही.

आठवड्याला एक बरणी जुनं पाणी काढायचं, एक बरणी नवं घालायचं. पेटीला हात लावायचा तर साबणाचा नाही, तेलाचा नाही. भिजवलेला जवळा चिमूटभर, उरला तर लगेच काढायचा. पाणी हळूहळू उडून जाई, मीठ मागेच राही. म्हणून काचेवर खडूची रेघ ओढून ते रेघेपर्यंत विहिरीचं गोडं पाणी घालत. हे सगळं त्या कोळ्यानं सांगितलेलं. दोन महिने पाचही मासे तुकतुकीत राहिले.

आता जे लिहितो ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका रविवारी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर वर होतं. दुपारी बोटभर खाली. मध्ये कोणी घातलं नव्हतं, काढलं नव्हतं. मी स्वतः तिथं सुतळी वळत बसलो होतो. पाणी उतरलं तसे पाचही मासे एका बाजूला तोंड करून उभे राहिले. समुद्र त्याच बाजूला, तीनशे मैलांवर.

"हे काय होय?" मी विचारलं.

"भरती-ओहोटी," शेषराव म्हणाले. "कोनाले सांगू नको. लोक पाहाले येतीन."

चैत्रात खोली तापली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. अन्नपूर्णाबाईंनी देवघरातलं तांब्याचं अभिषेकपात्र काढलं, तळाला भोक असलेलं, ज्याला गळती म्हणतात. पेटीवर टांगलं. पेटीतलंच पाणी त्यात भरायचं, थेंब थेंब खाली पडायचं, पाण्यात हवा जायची. मासे खाली गेले. शेषरावांनी आल्यागेल्याला ती युक्ती दाखवली.

आठवड्यानं पहिला मासा आडवा झाला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी बाई म्हणत, "बोलावून राहिला तो एकेकाले." आवाजात दुःख नव्हतं, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटे. शेषराव पाणी बदलत, काच पुसत, सुट्टी टाकून पेटीसमोर बसत. चौथा मेला त्या दुपारी बाईंनी ताट सरकवलं.

माझी बायको रुक्मा त्यांना समजवायला गेली. समजवता समजवता तिची नजर वर गेली. गळतीच्या तळाशी हिरवट काही धरलं होतं.

"वयनी, ताक ठेवता का तुमी कधी याच्यात?"

"वेडी झाली का? बिनकल्हईच्या तांब्यात ताक ठेवते का कोनी? कळकते ते."

बोलल्या आणि थांबल्या. खोलीत थेंब पडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. आंबट-खारट तांब्यात ठेवू नये, हे आमच्या घरातल्या सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. पण ते देवाचं भांडं. त्याच्यावर कोणाचा संशय जाणार?

शेषराव उठले, गळती काढून बाहेर ठेवली. "मीच टांगली होती," ते म्हणाले.

"तुमी खिळा ठोकला," बाई म्हणाल्या. "टांगली मी. चार माह्याच हातानं गेले."

शेषरावांनी उरलेला मासा ताज्या पाण्याच्या बरणीत घेतला. तो तिरपा पोहत होता. दुसऱ्या दिवशी सरळ झाला. दोन दिवस बाईंनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या सकाळी त्या आपण होऊन बोलल्या.

"हा अठी ऱ्हायला तं मरन. मी काही ना काही चांगलं कराले जाईन आन् मरन. याले न्या त्याच्या घरी."

"तू जेवशीन?"

"याले सोडून तुमी परत आले का जेवीन."

"अन् तवर?"

"तवर पेज पिईन."

शेषरावांनी रुक्माकडे पाहिलं. रुक्मानं मान हलवली: पेज ती पाजणार होती.

दहाच्या मालगाडीच्या डब्यात त्यांना जागा मिळाली. बरणी छातीशी धरून ते दारातून बाहेर आले. अन्नपूर्णाबाईंनी दार धरलं होतं. शेषराव बाहेर पडले तरी बाईंनी दार सोडलं नाही. थोडं अंग चोरून उभ्या राहिल्या, मागून आणखी कोणी यायचं असावं तशा. मग दार लोटून ओट्यावर आल्या.

शेषराव रुळांच्या कडेनं चालले, पाणी हिंदकळू नये म्हणून पाय न उचलता. मी आणि रुक्मा कुंपणाशी उभे होतो. ते सिग्नलच्या पुढं गेले, वाघिणींच्या रांगेशी पोचले. आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. अन्नपूर्णाबाई ओट्यावरून बघत होत्या त्यांच्या डाव्या हाताला, खांद्याच्या थोडं वर, जिथं कोणीही चालत नव्हतं.