रुमालाखालचा भांग

सोनकांबळे सर गेले तेव्हा मी लातूरला मुलीकडे होतो. सकाळी चहा घेताना वाचनालयाच्या ग्रुपवर बातमी आली, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि मी तसाच उठून स्टँडवर गेलो. गाडी अहमदपूरला वीस मिनिटं थांबली. लोक उतरून भजी खाऊन आले, मी खिडकीशी चरफडत बसलो... नांदेडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता दीड महिना होत आला, पण जीव काही थाऱ्यावर नाही. त्याचं कारण एका सिनेमाचा शेवट आहे, हे सांगितलं तर माझ्या घरचेही हसतील.

आमच्या वाचनालयात महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी भिंतीवर सिनेमा दाखवतात. सर निवृत्त मुख्याध्यापक, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त, आणि आमच्यासारखेच वाद घालायला हपापलेले आणखी दहा-बारा जण. सात-आठ वर्षांपूर्वी तिथं तो सिनेमा लागला. दोघं भाऊ धरणात होडी घेऊन जातात, धुकं दाटतं, आणि होडीतून धाकटा एकटाच परत येतो. कपडे चिंब, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. तो एक शब्द बोलत नाही आणि सिनेमा संपतो. त्यानं भावाला बुडवलं, की भावाला वाचवायला उडी मारली? माझं मत पक्कं होतं, खून करणारा कशाला भिजेल? बहुतेकांनी माझ्याच बाजूनं हात वर केले. सर एकटे उलटे.

"जाधव, त्याचा भांग बघा," सर म्हणाले. "मोडलेला न्हाई. उडी मारणाऱ्याचा भांग ऱ्हाईल का?"

"सर, डोक्याला रुमाल आहे. भांग दिसतोच कुठं?"

सगळे खो खो हसले. सरांनी शेवट पुन्हा लावायला लावला. रुमाल होताच. तरी सर हटेनात. पुढं हा सिनेमा आम्ही हट्टानं आणखी तीनदा मागवला, केवळ सरांची गंमत करायला. रस्त्यात भेटले की मी हटकून विचारायचो, "सर, भांग काय म्हणतोय?" ते हसल्यासारखं करून विषय बदलायचे. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा हाच माणूस अकरा दिवस माझ्याशेजारी बाकड्यावर बसून होता. मला धीर द्यायला नाही, नुसता बसून. इतका माझा माणूस, आणि त्याला काय टोचतंय हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. याचा मला आज राग येतो, माझाच.

गेल्या जानेवारीत तो सिनेमा शेवटचा लागला. शेवट झाला, सगळे सरांकडे वळले. सर भिंतीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मला सांगता यायचं न्हाई, जाधव." मी जागेवरून उठून ओरडलो, "हरले! सर हरले!" समोरून गरम जिलेबी मागवली, सगळ्यांना वाटली. सरांनी एक घेतली ती हातातच धरली. पाक मनगटावरून बाहीत उतरत होता. मला तो दिसला आणि त्याचंही मला हसूच आलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्यानं मी विमलताईंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, भेटायला गेलो. त्यांचं मन हलकं व्हावं म्हणून हा जिलेबीचा किस्सा रंगवून सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"भांग सिनेमात नव्हता हो," त्या म्हणाल्या. "इस्लापूरकडं आमची पहिली नोकरी. तिथं नदीच्या डोहात एक जण बुडाला. पोलीस जमादारानं ह्यांना शाळेतून पंचनाम्याला पंच म्हणून बोलावलं. मयताचा धाकटा भाऊ काठावर उभा, कपडे चिंब, पण तेल लावून पाडलेला भांग जसाच्या तसा. जमादारानं लिहिलं, भावाला वाचवायला उडी मारली. ह्यांनी वाचलं आणि सही केली."

"बोलले का नाहीत?"

"गावात आम्हाला खोली देणारं ते एकच घर होतं. खोली धाकट्यानंच दिली होती. पोटात माझ्या थोरला. आन आत्ता गेल्या दिवाळीनंतर म्हणले, चल, त्या बाईला सांगून येऊ. मयताची बायको हो, पार म्हातारी झालीय. तिच्यापुढं बसून ह्यांनी समदं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणली, 'मास्तर, भांग मला बी दिसला व्हता. मी पुढं त्याच्याच घरात ऱ्हायले की.' आन चहा टाकायला उठली."

म्हणजे जानेवारीत सिनेमा लागला तेव्हा सर तिच्याकडे जाऊन आलेले होते. एवढी वर्षं ज्या एका गोष्टीवर ते अडून बसले होते, ती जिला सांगायची होती तिला आधीपासूनच ठाऊक होती. ते ओझं घेऊन ते आमच्यात येऊन बसले, आणि मी जिलेबी मागवली... मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

"काय होतं हो तुमच्या त्या सिनेमात शेवटी?" विमलताईंनी विचारलं.

"दोघं भाऊ पाण्यात जातात. एक परत येतो."

"आन मेलेल्याची बायको?"

ती होती. शेवटच्या दृश्यात काठावर होडीची वाट बघत उभी असते, धाकटा तिच्यासमोरच उतरतो. चार वेळा आम्ही तिला पाहिलं होतं. खून की अपघात यावर भांडताना आमच्यापैकी एकानंही, सरांनीसुद्धा, तिचं नाव काढलं नव्हतं.