दस्तगीरचाचांचा पावणा

दस्तगीरचाचांच्या खिशात हात घालायची आमच्या गल्लीत सगळ्यांना मुभा होती. नट, वायसर, स्प्रिंग, तुटकी किल्ली, काहीही निघायचं. कुणाचा पंखा खडखडायला लागला, की माणूस बाजाराआधी चाचांकडे यायचा. गडमुडशिंगीत त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. नोकरी एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, ओतलेल्या लोखंडाला ग्राइंडर मारायची. "पडलेलं लोखंड तुडवू नये, त्याला बी राग येतोय," असं म्हणत ते जमिनीवर चकाकेल ते उचलत. चाची म्हणायची, यांची पँट धुण्यापेक्षा भंगारवाल्याला घातलेली बरी.

एकदा फौंड्रीत एका मोठ्या ओतीव भागाच्या आतल्या भेगा तपासायला बाहेरची माणसं आली. गॅमा किरणांनी फोटो काढून ते काम करतात. त्यांच्या यंत्रातला किरणं सोडणारा बारका तुकडा केबलपासून निसटून खाली पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. चाचांच्या आलं. त्यांनी तो पुसून पँटच्या खिशात टाकला.

जेवणाच्या सुट्टीआधीच त्यांना उलट्या सुरू झाल्या. त्यांनी कँटीनवाल्याला बोलावून त्याच्या मिसळीचा यथेच्छ उद्धार केला, कामाची पँट खुंटीला अडकवली आणि घरी आले. दुपारी त्या माणसांना तुकडा हरवल्याचं कळलं. किरणं मोजायचं मीटर घेऊन शोधत ते थेट खुंटीपाशी पोचले. नशिबानं मधल्या काळात तिकडं कुणी फिरकलं नव्हतं.

चाचांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. त्यांना मुलगा नाही, म्हणून चाचीबरोबर मी गेलो. लवकरच उलट्या थांबल्या आणि चाचा ठणठणीत. शेजारच्या पेशंटला कुस्तीचे डाव समजावायला लागले. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं की या आजारात असा फसवा बरा काळ येतो. किरणांनी हाडांच्या आतली, रक्त तयार करणारी मज्जा नष्ट केली आहे. अंगात आहेत त्या पेशी संपत आल्या की खरं दुखणं सुरू होईल. हे चाचांना कसं सांगायचं, म्हणून आम्ही दारात घुटमळलो. पण त्यांनी आतून कान दिलाच होता.

"म्हंजे आपल्याकडच्या पावण्यासारखंच की," ते म्हणाले. "जातो म्हणून चपला घालतोय, आन् दारातनं परत येऊन जेवायलाच बसतोय."

पावणा परत आला. केस उशीवर राहायला लागले. तोंडात फोड, हिरड्यांतून रक्त, मांडीवर भाजल्यासारखी खोल जखम. पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की साध्या सर्दीनंही जीव जावा. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं, आम्ही काचेबाहेर. तरी टकलावरून हात फिरवत ते मला खुणेनं विचारायचे, कंगवा आणलास का. मग ताप चढला आणि चाचांची थट्टा थांबली. तोवर खंबीर राहिलेल्या चाचीला ती शांतता सोसेना.

"रिपोर्ट काय बी म्हणू दे," ती म्हणाली, "हे गप बसल्यात म्हंजे लई वाईट हाय."

रक्त चढवत राहिले, इंजेक्शनं चालू राहिली. एका सकाळी नर्सनं चाचांना सांगितलं की पांढऱ्या पेशी वाढायला लागल्यात.

चाचांनी डोळे न उघडताच विचारलं, "पांढरा वाढला व्हय? मग तांबडा कवा वाढताय?"

नर्स केरळची, तिला आमच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं काय कळणार. चाची मात्र हसता हसता पदर तोंडाला लावून रडली.

गावी परतल्यावर निराळंच. डॉक्टरांनी समजावलं होतं की तुकडा सीलबंद होता, किरणं अंगातून आरपार गेली, अंगाला काही चिकटलेलं नाही, चाचांपासून कुणाला काही होणार नाही. तरी गल्लीनं त्यांच्या घरचा चहा सोडला. चाचांनी त्याचाही फायदा उठवला. केएमटीच्या बसमध्ये शेजारच्याच्या कानात सांगायचे, "मी अंधारात चमकतोय," आणि अख्खं बाक मिळवायचे. पण तान्हं पोर दिसलं, की स्वतःच लांब सरकायचे. तेव्हा मात्र तोंडातून विनोद निघत नसे.

पुढं ते मुरगूडला लेकीकडं कायमचे राहायला निघाले. माझी मुलगी तेव्हा नुकतीच जन्मली होती. निरोप घ्यायला आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. माझी आई स्वयंपाकघरातून आली, त्यांना आत घेतलं, बसवलं आणि पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"भाऊ, धरा हिला नीट," ती म्हणाली. "माझी भाजी करपायला लागलीया."

चाचा अंग चोरून बसले. थोड्या वेळानं पोरीनं त्यांची नवी लुंगी ओली केली. बाहेरून चाची ओरडत होती, लुंगी बदला, गाडी सुटंल. चाचा काही उठेनात.