ढोकरीचे पांढरे पंख

हे मी कधी कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, पक्षी बघायचा माझा नाद आपोआप सुटला.

ढोकरी तुम्ही पाहिली असेल. नाल्याकाठी मान आखडून बसलेली, मातकट रंगाची, छोट्या बगळ्यासारखी. बसली की चिखलात चिखल. उडाली की मात्र पंख पांढरेशुभ्र. आमच्या गावाकडची शाळकरी पोरंही तेवढ्यावरून ओळखतात.

पुण्यात नोकरीला आलो — घरातला पहिला पदवीधर, आईनं गल्लीभर पेढे वाटले होते — आणि रविवारी नदीकाठी पक्षी बघणाऱ्या एका गटात जायला लागलो. गट चालवायच्या रानडे मॅडम, निवृत्त प्राध्यापिका. मला पहिली दुर्बीण त्यांनी दिली, पुस्तकं दिली. ते मी विसरलेलो नाही. पण पहिल्याच दिवशी मी बोट दाखवून "ढोकरी" म्हणालो, आणि सगळ्यांसमोर त्या शांतपणे म्हणाल्या, "ढोकरी? ही कोण, ढोकळ्याची बायको का? अहो, वंचक म्हणतात त्याला."

वंचक. म्हणजे फसवणारा.

सगळे हसले. मीही हसलो — काय करणार? त्या दिवसापासून मी ढोकळा. ढोकळा, चहा सांगा. ढोकळ्याला विचारा, त्यांच्याकडे याला काय म्हणतात. माझं खरं नाव गटात किती जणांना माहीत होतं, देव जाणे. एवढ्याशा गोष्टीचा माणसानं किती दिवस राग धरावा? मी धरला. जपला.

वारज्याच्या बाजूला नदीकाठी पाणकणसांचं दाट रान होतं. ते बुजवून गाड्या लावायला जागा करायचं चाललं होतं. मॅडमनी ते वाचवायचं मनावर घेतलं. एका सकाळी तिथं काठावर बसलेल्या रेघारेघांच्या पक्ष्याचा त्यांनी फोटो काढला आणि जाहीर केलं — लाल तापस. हाही बगळ्यांच्याच कुळातला, पण लाजरा. पाणकणसांबाहेर सहसा दिसत नाही. तो इथं राहतो म्हटल्यावर जागेला वजन आलं असतं. मॅडम फोटो दाखवायला मागे वळल्या, आणि पक्षी उडाला. पंख पांढरेशुभ्र. मी माझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं — आणि गप्प बसलो. तेव्हाच सांगितलं असतं तर चौघांत मिटलं असतं. मला ते चौघांत मिटायला नको होतं.

जागा पाहायला महापालिकेचे साहेब आले, त्या दिवशी सगळे होते. आमचा गट, आजूबाजूचे रहिवासी, ठेकेदाराची माणसं. मॅडमनी छापून आणलेला मोठा फोटो वर धरला. मी पुढे झालो. "मॅडम, ही ढोकरी आहे," म्हणालो, आणि कॅमेऱ्यातला पांढऱ्या पंखांचा फोटो साहेबांसमोर धरला.

मॅडमचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू — तो चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं.

"म्हणजे साधा बगळाच की," साहेब म्हणाले. "तो काय, कुठंही बसतो." आणि गाडीकडे निघाले.

तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? खरं तेच तर बोललास. हो. पण त्याच कॅमेऱ्यात आणखी एक फोटो होता. आदल्या आठवड्यात मी एकटाच तिथं गेलो होतो, तेव्हाचा. त्याच पाणकणसांत, चोच आभाळाकडे करून, कणसासारखा ताठ उभा — लाल तापस. खराखुरा. मॅडम पक्षी चुकल्या होत्या, जागा नाही.

तो दाखवला असता तर साहेब थांबले असते का? मी ते कळूच दिलं नाही. दाखवला असता तर मॅडम जिंकल्या असत्या ना — म्हणून. कॅमेरा बंद केला, गळ्यात अडकवला.

दिवाळीनंतर तिथं मुरूम पडला. आता गाड्या लागतात.

मॅडमनी गट सोडला. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "मारुतीराव, बोललात ते बरं केलंत. ढोकरीच होती ती. चूक माझी. माझ्यामुळे जागा गेली."

तापसाचा फोटो तेव्हाही माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "असू दे, मॅडम." माफ केल्यासारखं.