एक वीत खोल समुद्र

मॅडम मला कधीच आवडल्या नाहीत, आणि मी त्यांना आवडते असंही त्यांच्या वागण्यात कधी दिसलं नाही. माजिवड्याच्या एका सर्वेक्षण कंपनीत मी लागले, तिथे त्या माझ्या वरिष्ठ. बोटीवरून मोजून आलेल्या खोलीच्या आकड्यांवरून समुद्रतळाचा छेद काढायचा, म्हणजे किनाऱ्यापासून आत तळ कसा उतरत जातो त्याची रेघ काढायची, हे माझं काम. सहा महिन्यांनी मला कायम करायचं की नाही, हे त्याच लिहून देणार होत्या. घरातली पहिली पदवीधर मी. डोंबिवलीची खोली सोडून गावी परत जायला मला तोंड नव्हतं.

नोकरीला येईपर्यंत समुद्र मी पाहिला नव्हता, पण त्याचा तळ मला पाठ होता. तालुक्याच्या शाळेत सरांनी तो निळ्या खडूने फळ्यावर काढला होता. आधी सपाट समुद्रबूड जमीन, मग कड्यासारखा तुटलेला खंडान्त उतार, खाली सागरी मैदान, त्यात एक खोल गर्ता. त्या आकृतीचे मार्क मी कधी सोडले नाहीत. मी इथवर आले ती अशा आकृत्यांच्या जोरावर.

पाचव्या महिन्यात समुद्राखालून केबल टाकणाऱ्या लोकांसाठी छेद काढायचं काम माझ्याकडे आलं. आकडे भरले तर पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ. माझंच काही चुकलं असणार म्हणून मी उभं प्रमाण वाढवत गेले. पन्नास पट वाढवल्यावर सरांच्या फळ्यावरचा कडा दिसला आणि जीव भांड्यात पडला. किती पट वाढवलं ते कोपऱ्यात लिहायचं असतं. ते मी लिहिलं नाही. मला तो कडा वाढवलेला वाटतच नव्हता, खरा वाटत होता.

चार दिवसांनी केबलवाल्यांच्या इंजिनीयरचा फोन आला. एवढ्या कड्यावरून केबल सोडता येणार नाही, मार्ग बदलावा लागेल.

मॅडमनी सगळ्यांसमोर कागद माझ्या टेबलावर टाकला. "मुंब्र्याला डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्या चढलीयस कधी? त्यांच्यापुढे हा उतार म्हणजे घसरगुंडीसुद्धा नाही!"

"पुस्तकात असाच असतो, मॅडम."

"गावच्या मास्तरांनी घोकून घेतलेलं इथे चालत नाही."

"चूक माझी आहे. सरांना मध्ये आणू नका."

कोणीतरी खुर्ची सरकवली. मग त्या म्हणाल्या, "आडवं-उभं एकच प्रमाण ठेवून पुन्हा काढ. रोलच्या कागदावर. आणि पॅसेजच्या भिंतीला चिकटव."

दोन दिवस मी स्टुलावर उभी होते. रिसेप्शनपासून पँट्रीपर्यंत कागद गेला. समुद्रबूड जमीन मीटिंगच्या खोलीचं दार ओलांडून गेली तरी रेघ पाण्याच्या पातळीपासून बोटभरसुद्धा खाली आली नव्हती. प्रिंटरपाशी खंडान्त उतार सुरू झाला. पँट्रीच्या दाराशी समुद्र सगळा मिळून एक वीत खोल. गर्ता तर आपल्या किनाऱ्यासमोर नाहीच.

"अगं, पाणी कुठे सांडलंस सगळं?" नकाशे काढणारे काका चहा घेऊन जाताना म्हणाले. "बाजूला हो पोरी, बुडशील." पॅसेजमध्ये हशा पिकला. मी टेप लावत राहिले.

इंजिनीयर आले. रेघेवर बोट ठेवून ते पँट्रीपर्यंत चालत गेले आणि हसत परतले. "म्हणजे आमचा जुनाच मार्ग बरोबर होता! हे भिंतीवरचं झकास. आयडिया कोणाची?"

"माझी," मॅडम म्हणाल्या. ते खरंही होतं.

सहावा महिना संपताना त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं. कायम केलं नव्हतं, तीन महिने वाढवले होते.

"केबलच्या चुकीसाठी?" मी विचारलं.

"ती सगळ्यांची एकदा होते. उलट बोललीस म्हणून." त्यांनी पेन पुढे केलं. "मागे घेतेस ते? आत्ता कायम करते."

मी पेन घेतलं आणि तीन महिन्यांच्या पत्रावर सही केली.