भिवंडीची बंद घरं, दापोड्याचा भरलेला ओटा

पुण्याहून सकाळची एसटी सुटली आणि मला उगाचच हसू फुटलं. गोवराची लस किती मुलांपर्यंत पोचली, हे मी वर्षानुवर्षं खुर्चीत बसून सांगत आले. पाहणीतली घरं डोळ्यांनी बघायला आज पहिल्यांदाच निघाले होते. भिवंडीतल्या एका वस्तीत कितीतरी घरं दरवेळी 'बंद' अशी नोंदली जायची, आणि गोवर नेमका तिथेच पुन्हा डोकं वर काढायचा.

स्टँडवर आशा कार्यकर्त्या शालिनीताई भेटल्या. गल्लीत लूमचा (यंत्रमागांचा) असा खडखडाट, की आम्ही ओरडून बोलत होतो आणि आपल्याच ओरडण्याला हसत होतो. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्यालाही. तिसरं आतून बंद. मी उत्साहाच्या भरात दार धडाधडा वाजवलं. लुंगीतला एक माणूस डोळे चोळत बाहेर आला.

"रातभर ड्युटी करके सोया हूँ, मॅडम!"

मी ओशाळले. शालिनीताईंनी सावरून घेतलं. "माफ करो, इरफानभाई. बच्ची किधर है?"

"माँ के साथ, दापोडा. वो गोदाम में पॅकिंग करती है ना. इधर के बहुत बच्चे दिनभर उधरीच रहते हैं."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि रिक्षाकडे अक्षरशः पळत सुटलो. वाटेत रिक्षा पंक्चर झाली. उरलेला रस्ता कंटेनरच्या रांगेच्या कडेकडेने चालत काढला. मी धुळीने पांढरी, तरी खुशीत.

गोदामामागे वच्छीकाकूंचं घर; कामावर जाणाऱ्या आया पोरं त्यांच्याकडेच ठेवून जायच्या, असं गोदामाच्या फाटकावर कळलं. "पोरां कुठं जातील? सगली माझ्या वट्यावर (ओट्यावर) हायत!" त्या म्हणाल्या. मी यादी काढून एकेक नाव पुकारलं. आमच्या बंद घरांतली आठ मुलं समोर रांगत, भांडत, चुरमुरे सांडत होती. मी तिथल्या तिथे उडीच मारली.

शालिनीताईंनी फोन करून नर्सबाईंना लसीच्या डब्यासकट बोलावलं. चहाच्या सुट्टीत आया धावत आल्या. इरफानभाईंची बायको मुलीला छातीशी धरून म्हणाली, "बड़ेवाले को खसरा (गोवर) हुआ था. मुश्किल से बचा. इसको पहले लगाओ."

एकेक मूल भोकाड पसरत गेलं. मला आयुष्यात रडणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं! काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढली. तिखटाने माझ्याही डोळ्यांना पाणी.

परतताना एसटीतच पुढच्या मोहिमेचा आराखडा बदलला: दापोड्यात, चहाच्या सुट्टीत, लसीकरण. त्याने फरक पडला की नाही, हे नंतरची पाहणी सांगेल. ती मोजणी घरोघर जाऊन मीच करणार, असं ऑफिसातल्या साहेबांना न विचारता खाली लिहून टाकलं.