उजवीकडे बसवलेलं स्टेअरिंग

शास्त्राचा मास्तर जावई मिळाला की सासरच्या माणसांना वाटतं, आता घरातलं सगळं बिघडलेलं दुरुस्त होणार. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी सासरचा रेडिओ कायमचा शांत केला होता, आणि शिलाई मशीन असं सुधारलं होतं की ते सुई मोडल्याशिवाय थांबत नसे. तरीही मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, माझ्यावर विश्वास होता. खरं तर मला पहिला धक्का तिथंच बसायला हवा होता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी शेवगावला हायस्कुलात शिकवत होतो, सासर नेवाशाजवळच्या खेड्यात. मामांचा जन्म ड्रायव्हरकीत गेलेला. नगरला एक अमेरिकन डॉक्टर होते, त्यांची गाडी मामा चालवायचे. डॉक्टर मायदेशी परतले आणि मामा गावी येऊन शेतीला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा त्यांनी ट्रंकेतून एक पुठ्ठ्याचा खोका काढून माझ्यापुढे ठेवला. तिकडून आलेल्या एका नर्सबाईंच्या हाती डॉक्टरांनी आठवण म्हणून धाडलेला. खोक्यावर हुबेहूब त्याच गाडीचं चित्र होतं. लांबलचक, फिकट निळी, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख.

उघडून बघतो तर आत गाडीच नाही. प्लास्टिकच्या डहाळ्यांना शेंगांसारखे लोंबणारे तुकडे. चाकं वेगळी, दिवे वेगळे, इंजिनाचीही चिरफाड केलेली. आधी मला वाटलं, प्रवासात फुटली बिचारी. मग कळलं की ती जोडायची असते. वर तीन तऱ्हांनी जोडता येते: कारखान्यातून बाहेर पडते तशी, नटवलेली किंवा शर्यतीची. शर्यतीची चाकं बघून माझे डोळे चमकले, ते मामांनी पाहिलं.

"कंपनीतनं आली तशीच पायजे," ते म्हणाले. "एक खिळा इकडचा तिकडं न्हाई. दाजी यायच्या आत झाली पायजे."

दाजी म्हणजे मामांच्या बहिणीचे यजमान. ही गाडी आणि दाजी यांचं काय नातं आहे, ते बायकोनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. काही वर्षांपूर्वी मामा डॉक्टरांना घेऊन एका अडलेल्या बाळंतिणीकडे निघाले होते. रस्त्यात पुढे दाजींची बैलगाडी. मामा तिला उजवीकडून ओलांडायला गेले आणि समोरून मालट्रक आला. मामांनी गाडी डावीकडे आत घेतली, दाजींच्या बैलाचा पाय मोडला. बैल गेला. तेव्हापासून दाजींनी या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आता धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं होतं. आत्याबाईंनी हट्ट धरला म्हणून दाजी यायला तयार झाले होते. मामांना गाडी हातात धरून त्यांना दाखवायचं होतं की तो अपघात कसा झाला, आपला दोष का नव्हता. बोलून सांगायचा धीर त्यांना कधी झाला नव्हता.

एवढी जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आणि मामा लग्नपत्रिका वाटायला गावोगाव निघून गेले. म्हणजे मला आवरायला घरात कुणी उरलं नाही.

खोक्यातली डिंकाची नळी कधीच दगड झाली होती. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून बाटलीभर बेंझिन आणलं. कुंचल्यानं लावलं की प्लास्टिक विरघळतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. तुकडेच नव्हे, बोटंही. बॉनेटवर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला की तलाठ्यानं मान्य केला असता. तो घासून काढला. दिवे बसले, चाकं फिरायला लागली, मागचे पंख ताठ उभे राहिले. बायको येऊन बघून गेली आणि काहीच बोलली नाही. माझ्या संसारातलं ते सर्वांत मोठं कौतुक.

मग स्टेअरिंग हातात आलं. चित्रात ते डावीकडे होतं. समोरच्या फळीत भोकही डावीकडेच. आता मी शास्त्राचा मास्तर. मी विचार केला, आणि तिथंच घात झाला. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात, म्हणून त्यांचं स्टेअरिंग डावीकडे. पण मामांची गाडी धावली नगर-नेवासा रस्त्यावर. म्हणजे ती डॉक्टरांनी इथंच घेतलेली असणार आणि तिचं स्टेअरिंग उजवीकडे असणार. खोकेवाल्यांना नगर काय ठाऊक? मी सुई तापवून उजवीकडे भोक पाडलं, डावीकडचं बुजवलं, पायाखालचे पेडलसुद्धा इकडे आणले आणि सगळ्यावर बेंझिन फिरवलं. वेगाचं मीटर मात्र फळीतच कोरलेलं, ते डावीकडे राहिलं. म्हटलं, शेजारी बसणारा वाचून सांगेल. कंपनीची चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात मी दोन चहा प्यालो.

दाजी यायचे त्या दिवशी सकाळी मामा परतले. मी गाडी एका पाटावर, रुमालाखाली झाकून ठेवली होती. रुमाल काढला. मामांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. त्यांनी गाडी उचलली, पंखांवरून बोट फिरवलं, एक डोळा मिटून खिडकीतून आत पाहिलं. आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं.

"जावयबापू," ते म्हणाले, "मी कुठं बसू?"

मी अभिमानानं उजवीकडे बोट दाखवलं.

"तिथं तर डॉक्टर बसायचे."

मग त्यांनी खाली बसत सांगितलं. गाडी अमेरिकेतून बोटीनं आलेली. तिचं स्टेअरिंग डावीकडेच होतं. पुढची गाडी ओलांडायची तर मामांना समोरचा रस्ता दिसतच नसे. उजवीकडे बसलेल्या डॉक्टरांनी बघायचं, "जा" म्हणायचं, मग मामांनी जायचं. त्या दिवशीही डॉक्टर "जा" म्हणाले होते. एवढंच त्यांना दाजींना दाखवायचं होतं. आणि मी मामांना बसवलं होतं नेमकं तिथं, जिथून मालट्रक लख्ख दिसतो.

मी चिमट्यानं स्टेअरिंग ओढायला लागलो, पण मी जोडलेलं आयुष्यात पहिल्यांदाच पक्कं बसलं होतं. ओढाओढीत दारात बैलगाडी उभी राहिली.

दाजी ओसरीवर बसले. पाण्याचा तांब्या पुढे आला, त्यांनी त्याला हात लावला नाही. मामांनी ती गाडी तशीच त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. हे स्टेअरिंग चुकीच्या जागी हाय, हे धरू नका, मी डावीकडं बसायचो, मला समोरचं दिसत नव्हतं. आपणच पुढे केलेला पुरावा आपणच खोडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी खांबाआड उभा राहून भिंतीत शिरायचा प्रयत्न करत होतो.

दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "डावीकडंच बसल्ता तुमी. माज्यापास्नं हातभर. तुमी माज्याकडं बघितलं, मी तुमच्याकडं. आन तुमी गाडी दामटली."

डावीकडची जागा त्यांना सोडवणार म्हणून आम्ही धडपडत होतो, आणि त्याच जागेनं त्यांना धरलं होतं.

"डॉक्टर म्हनले, थांबू नको. बाई अडली हाय," मामा म्हणाले.

"बरूबर हाय. बाईचा जीव पयला." दाजी म्हणाले. "आन येताना?"

ओसरीवर आत्याबाई होत्या, सासूबाई होत्या, नवरीमुलगी होती.

"येताना दुसऱ्या रस्त्यानं गेल्तो," मामा म्हणाले. "तुमचं तोंड बघवलं नसतं."

हे आजवर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता दाजी उठणार, बैल जुंपणार, लग्न राहिलं बाजूला. दाजी उठलेच. पण त्यांनी आधी ती निळी गाडी उचलली, आत पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"ह्ये कुनी बसवलं?"

मी हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा.

"शिकवता काय शाळंत?"

"शास्त्र."

"व्हय का," दाजी म्हणाले आणि गाडी पाटावर ठेवून अंगणात उतरले.

त्यांच्यामागे मामा अनवाणीच निघाले. अंगणात दाजींचे बैल कडब्याला तोंड लावून उभे होते. मामा उजवीकडच्या बैलापाशी गेले आणि त्यांनी त्याच्या वशिंडावर हात ठेवला.

"किती दाती झाला?" त्यांनी त्याचं वय विचारलं.

दाजींनी बैलाचं दावं सैल केलं.

"सा दाती. जरा मारका हाय, मागं सरून उभं ऱ्हावा."

मामा सरले नाहीत. आतून आत्याबाईंनी मला हळूच खूण केली, आणि मी ओसरीवरचा तो हात न लावलेला तांब्या उचलून अंगणात घेऊन गेलो.